शेवटच्या कडव्यातलं नाव

भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या मागच्या चाळीत आमची आणि मांडवकरांची खोली शेजारी शेजारी होती. मधली भिंत एका विटेची. त्यांच्याकडे कपबशी फुटली तरी आमच्याकडे कळायचं. गिरगाव सोडून मी तिथं राहायला गेलो तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, पलीकडे कुणीतरी टेप लावतंय. मग लक्षात आलं की एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली जातेय, आणि दर वेळी तिच्यातला एखादा शब्द बदलतोय. टेप असं करत नाही.

म्हणणारी होती शालू. माहेर-सासर दोन्ही संगमेश्वराकडचं, शिक्षण नववीपर्यंत, वय तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. दिवसा ती स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात चमचे पुसून खोक्यात भरायची. नवरा बबन शेजारच्याच गाळ्यात पॉलिशच्या मशिनवर होता. बोलायला अगदी कमी, पण ढोलकीवर हात पडला की माणूस वेगळाच. आणि सासरे धाकू मांडवकर. चाळीत त्यांना कुणी फारसं ओळखत नव्हतं, पण गावाकडच्या माणसांत हे नाव मोठं होतं. धाकूमामा जाखडीचे शाहीर.

जाखडी म्हणजे मधे ढोलकी आणि गाणारे बसतात, भोवती घुंगरू बांधलेली पोरं गोल धरून नाचतात, आणि दोन गावांची मंडळं गाण्यातूनच एकमेकांना सवाल टाकतात. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. 'धाकू सांगे' एवढे दोन शब्द आले की बसलेली म्हातारी माणसं सावरून बसायची, असं बबन सांगायचा.

दोन हजार साली धाकूमामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. डोकं शाबूत होतं, पण मनातला शब्द तोंडापर्यंत यायचा नाही. त्याच वर्षी गणपतीत गावी सामना ठरलेला, समोरचं मंडळ तयारीचं, आणि यांच्याकडे नवीन गाणं एकही नाही. लग्न झाल्यापासून सासरे सांगायचे आणि शालू लिहून घ्यायची. त्या दिवशी मामा खाटेवर पडून एक ओळ जुळवायला बघत होते आणि ती जुळत नव्हती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शालूनं भीत भीत पुढची ओळ म्हटली. मामांनी डाव्या हातानं खाटेवर ठेका धरला आणि मान हलवली. ती पुढे म्हणत गेली. शेवटच्या कडव्यात तिनं आपण होऊन 'धाकू सांगे' घातलं. दुसरं काही घालायचं असतं हे तिच्या मनातही आलं नाही.

मंडळाच्या लोकांना वाटलं, म्हातारा पडला तरी बुद्धी तेज आहे. चार वर्षं असंच चाललं. गाणी शालूची, नाव मामांचं, गाणारा लवू. हा लवू म्हणजे बबनचा चुलतभाऊ. आवाज पहाडी, मंडळाचा कारभारही त्याच्याच हातात. खरं काय ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं, लवूलाही नाही. आणि भिंतीपलीकडे मला. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात भाईंदरच्या मैदानावर या मंडळाचा कार्यक्रम झाला. तिथं कौस्तुभ नावाचा एक तरुण आला होता. लालबागकडची एक छोटी कॅसेट कंपनी त्याच्या काकांची. त्याला गाणी आवडली. दुसऱ्याच रविवारी तो चाळीत येऊन म्हणाला, "जुनी, सगळ्यांची असलेली गाणी मला नकोत. आठ नवी गाणी हवीत, शाहिरांची स्वतःची. कॅसेट आणि सीडी दोन्ही काढू. गणपतीच्या आधी बाजारात यायला पाहिजे."

त्या खोलीत आनंदाला पारावार राहिला नाही. मामांनी डाव्या हातानं डोक्यावर टोपी घालून घेतली आणि ती दिवसभर उतरवली नाही.

तालमी त्या खोलीतच होत. सात गाणी लवूनं पटापट उचलली. आठव्याला मात्र तो अडला. ते गाणं शालूनं कुणासाठी केलेलं नव्हतं, ते तिच्या तोंडातून निघालं होतं. तिची मुलगी सान्वी तीन वर्षांची असताना तिनं तिला गावी आपल्या आईकडे ठेवलं होतं. दहा बाय बाराची खोली, खाटेवर आजारी माणूस, दोघंही दिवसभर कामाला. दुसरा मार्गच नव्हता. वर्षातून एकदा गावी जायचं. शेवटच्या खेपेला पोरीनं आजीला विचारलं, "ही पावणी कधी जाणार?" शालू परत आली आणि किती तरी दिवस भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मग एका रविवारी दुपारी ऐकू आलं:

लेक माझी गावाला गं, आजीच्या पदराखाली,
मला म्हणते पावणी गं, मुंबैवरून आली.

लवू हे म्हणायचा तेव्हा ते सवाल टाकल्यासारखं वाटायचं. शालू स्वयंपाकाच्या ओट्यापासून त्याला चाल सांगत होती. कौस्तुभ दाराशी बसून ऐकत होता. तो म्हणाला, "वहिनी, हे तुम्हीच गा ना."

 या मंडळात ढोलकीजवळ बाईमाणूस कधी बसलं नव्हतं. लवूनं हातातले टाळ खाली ठेवले. "कॅसेट तुमची," तो कौस्तुभला म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर एक गाणं गाईल ती. पण कडवं नीट करून घ्या. शेवटचं कडवं बसत नाय."

शेवटचं कडवं खरंच बसत नव्हतं. शालूनं सवयीनं मामांचं नाव घातलं होतं, आणि ओळ अशी झाली होती:

धाकू सांगे खरं सारं, नाय कुणाची कहाणी,
पोटच्या पोरीच्या दारी मीच झाले पावणी.

धाकू सांगतो आणि 'मीच झाले' म्हणतो. लवू हसला. "मामाचं गाणं सांगताना त्यालाच साडी नेसवलीस की काय? 'तीच झाली' कर. तीच झाली पावणी. मिटलं."

शालूनं तसं म्हणून बघितलं. एकदा, दोनदा. मग ती ओट्याकडे वळली आणि कूकरची शिट्टी काढून ठेवली. लोक निघून गेल्यावर मला पलीकडून तिचा आवाज आला. ओरडून बोलत नव्हती, पण एकेक शब्द कळत होता.

"सात गाणी मामांचीच हायत. मी कधी मागितली नाय, मागणारपण नाय. हे एक माझ्या नावानं जाऊ दे."

"एक गेलं की आठ गेली, शालू," बबन म्हणाला. "लोक विचारतील, हे तिचं तर बाकीची कुणाची? बाबांना बोलता येत नाय हे सगळ्यांना दिसतंय. आजवर कुणी हिशोब लावला नाय. मग लावतील."

"मग लावू देत."

"आणि बाबा?"

 मामा तिथंच खाटेवर होते. सगळं ऐकत होते.

ती गोष्ट लवूच्या कानावर गेलीच. कशी ते कळलं नाही. बहुतेक बबननंच सांगितली असावी, एकट्याला पेलेना म्हणून. लवू आला तो चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला. "चार वर्षं मी बाईची गाणी गातोय आणि मलाच माहीत नाय," तो म्हणाला. "समोरच्या मंडळाला कळलं ना, तर भर सभेत आमच्या अंगावर बांगड्या फेकतील. आठव्या गाण्यातपण मामांचंच नाव पायजे. दुसरं नाव आलं तर माझी पोरं तिथल्या तिथं तोंड मिटतील. मग काढ म्हणावं त्या कौस्तुभला कॅसेट."

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडेपर्यंत त्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. शालू कामावर जायची, यायची, सासऱ्यांना भरवायची, त्यांचे कपडे बदलायची. मामा भिंतीकडे तोंड करून पडायचे. बबन जेवायच्या वेळेपुरता घरात.

स्टुडिओ मीरा रोडला, नया नगरच्या पुढे एका इमारतीच्या तळघरात होता. कौस्तुभला शाहिरांचा फोटो तिथंच काढायचा होता, म्हणून मामांना न्यायचं ठरलं. रिक्षात त्यांना धरून बसायला कुणीतरी हवं होतं. बबननं मला विचारलं आणि मी ऑफिसला रजा टाकून गेलो. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

तळघरात भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइकमधे येतो. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे एक सलीमभाई होते. त्यांनी सगळ्यांना आधीच सांगितलं, "एक साथ बजाओ, एक साथ गाओ. छे बजे दूसरी पार्टी आएगी, फिर मेरे हाथ में कुछ नहीं." मामांना काचेपाशी खुर्चीवर बसवलं. डोक्याला नवा फेटा, अंगात कोट. फोटो छान निघाले.

लवूची सात गाणी चार वाजेपर्यंत झाली. एकाही गाण्यात चूक नाही. दर शेवटच्या कडव्याला 'धाकू सांगे' आलं की मामांची मान किंचित वर व्हायची, आणि शालू, जी कोपऱ्यात सतरंजीवर बसून होती, ती आपल्या पायांच्या बोटांकडे बघायची.

मग तिला बोलावलं. ती माइकसमोर बसली. मागं कोरस धरायला लवू आणि पाच पोरं. पहिली कडवी अशी झाली की काचेपलीकडे सलीमभाईंनी हातातला चहा तसाच धरून ठेवला. शेवटचं कडवं आलं. ढोलकी चालू होती. शालूनं तोंड उघडलं आणि मिटलं. बबनचे हात थांबले.

"क्या हुआ?" सलीमभाईंनी विचारलं.

शालू उठली, काचेचं दार उघडून मामांच्या खुर्चीपाशी गेली आणि खाली बसली. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही शाहीर. तुम्हीच सांगा. ह्या गाण्यात कुणाचं नाव घालू?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. मला वाटलं, म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवेल. माझीच नव्हे, कौस्तुभचीही तशीच समजूत असावी, कारण त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मामांचा जबडा हलला. शब्द यायला वेळ लागला, पण आला तो स्वच्छ आला.

"माझं."

लवूनं सुस्कारा सोडला.  शालूनं पदर खांद्यावर घेतला आणि कौस्तुभला म्हणाली, "मग हे गाणं नको. सातच काढा."

"वहिनी, असं कसं? आठ ठरलीत. कव्हर छापायला टाकलंय. काका मला उभं करणार नाहीत."

"तर लवूभावजींसाठी नवीन गाणं घ्या. मामांकडून."  मामांनी डोळे मिटून घेतले. ती चप्पल शोधायला लागली.

सलीमभाई घड्याळाकडे बोट दाखवत होते. लवू कौस्तुभला सांगत होता की तो कसंही करून गाईल, शब्द तेवढे लिहून द्या. पण शब्द कुठं लिहिलेलेच नव्हते. आणि शालू जिन्यापर्यंत पोचली होती.

"थांब," बबन म्हणाला.

तो ढोलकी मांडीवरून न काढताच बोलत होता. बायकोशी नव्हे, वडिलांशी. "बाबा, त्या गाण्यात माझी पोरगी हाय. तुमची नात. तुम्हाला तिला उचलून घेता येत नाय, हात चालत नाय तुमचा. मी बाप असून मला तिच्यावर एक ओळ करता आली नाय. जिनं केली तिची हाय ती. बाकी सात गाण्यांत तुमचं नाव ठेवलंय ना तिनं? एकदापण तोंड वाकडं केलं काय?"

मामांनी डोळे उघडले नाहीत.

"बबन, विचार कर," लवू म्हणाला. "उद्या गावात तोंड दाखवायचं हाय."

"तू जा," बबन म्हणाला. "मी वाजवतो."

लवू खरंच गेला. त्याच्यामागं चार पोरं गेली. पाचवा, बंटी नावाचा, जिन्यापर्यंत जाऊन परत आला आणि टाळ घेऊन खाली बसला. मामांनाही घेऊन जावं म्हणून लवूनं खुर्चीला हात घातला, तर मामांनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा गच्च धरून ठेवला. जायचंही नाही आणि बघायचंही नाही. तोंड भिंतीकडे फिरवून ते तिथंच बसले.

गाणं पहिल्यापासून पुन्हा घ्यावं लागलं. कोरस नाही, एक ढोलकी, एक टाळ आणि शालूचा आवाज. रिकाम्या जागा राहिल्या होत्या, त्या तिनं भरल्या नाहीत, तशाच सोडल्या. पहिल्या खेपेला तिचा श्वास तुटला. दुसऱ्या खेपेला बंटीचा टाळ चुकला. सलीमभाईंनी दाराबाहेर येऊन थांबलेल्या दुसऱ्या पार्टीला हातानंच थोपवलं. तिसऱ्या खेपेला ती शेवटच्या कडव्यापाशी आली, आणि कुणाकडे न बघता म्हणाली:

शालू सांगे खरं सारं, नाय कुणाची कहाणी,
पोटच्या पोरीच्या दारी मीच झाले पावणी.

झाल्यावर कुणी वाहवा केली नाही. सलीमभाईंनी अंगठा वर केला आणि दुसरी पार्टी आत आली.

परतताना रिक्षात मामांना मी एका बाजूनं धरलं होतं, शालूनं दुसऱ्या बाजूनं. मधे एक खड्डा आला तेव्हा ते तिच्या अंगावर कलंडले. तिनं त्यांना नीट बसवलं, फेटा सरळ केला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

कॅसेट गणपतीच्या आधी आली. कव्हरवर मामांचा फोटो, आणि आत बारीक अक्षरांत आठव्या गाण्यापुढे शालूचं नाव. बबन म्हणाला होता तसंच झालं. पहिल्यांदा भाईंदर-नालासोपाऱ्यातल्या गावकऱ्यांत कुजबुज झाली, मग लवूनं उघड सांगायला सुरुवात केली की सगळीच गाणी तिची, मामा नुसते नावाला. त्याला वाटलं यानं मामांच्या घराची नाचक्की होईल. झालीही. गाळ्यातल्या बायका मात्र शालूला जेवणाच्या सुट्टीत ते गाणं म्हणायला लावायच्या. तिथल्या निम्म्या जणींची मुलं गावी होती.

घरात मामांनी तिच्या हातचं खाणं सोडलं. बबननं भरवलं तरच घास घेत. बबन कामावर गेला की संध्याकाळपर्यंत उपाशी. भिंतीपलीकडून मला रोज सकाळी ऐकू यायचं: "मामा, निदान पेज घ्या." मग वाटी ठेवल्याचा आवाज.  शेवटी माझी बायको दुपारी जाऊन त्यांना भरवायला लागली.

गणपतीत ते सगळे गावी गेले. सगळे नको म्हणत असताना मामांनी हट्टानं स्वतःला गाडीत बसवून घेतलं. गौरीच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर गावाची बैठक बसली. मंडळ फुटलं होतं, त्याचा निवाडा करायचा होता. गावच्या प्रमुखांनी सरळच विचारलं, "धाकूशेट, तुमच्या तोंडून ऐकायचंय. चार वर्षं गाणी कुणाची?" पुढचं मला बबननं सांगितलं. शालू बायकांत मागं उभी होती. तिला वाटलं, ते पुन्हा 'माझी' म्हणतील, आणि मग तिला तिथं काही बोलता येणार नाही. भर गावात ती त्यांना खोटं पाडणार नव्हती. लवू पुढे बसला होता. मामांनी बराच वेळ घेतला. माणसं चुळबुळायला लागली.

"शब्द... तिचं," ते म्हणाले. आणि थोडा दम घेऊन, जोरात: "चाल... माझी."

हे तितकंसं खरं नव्हतं. तीन-चार गाण्यांच्या चालीही शालूच्याच होत्या, मी त्या घडताना ऐकल्या होत्या. शालू काही बोलली नाही. बबन सांगतो, तिनं तोंडाला पदर लावला होता; रडत होती की हसत होती ते त्याला कळलं नाही. बैठकीनं मंडळाचं नाव मामांच्या घराकडे ठेवलं. लवूनं वेगळं मंडळ काढलं आणि त्याचंही चांगलं चाललं. चुलतभावांचं बोलणं मात्र आजवर सुरू झालेलं नाही.

गावाहून आल्यावर मामांनी शालूच्या हातचा घास घेतला.  पुढच्या जूनमध्ये सान्वीला भाईंदरच्या शाळेत घातलं. माझ्या बायकोनं दुपारी तिच्याकडे आणि मामांकडे बघायचं कबूल केलं म्हणून ते जमलं. आई म्हणायला पोरीला बरेच महिने लागले, आणि ते गाण्यानं झालं नाही. रोज वेणी घालून, डबा भरून, तापात रात्र काढून झालं.

कॅसेट फार खपली नाही. कौस्तुभच्या काकांनी दुसरी काढायला नकार दिला. पण आता शालू बबनच्या ढोलकीशेजारी बसते. कोरसला गाळ्यातल्या दोघी आणि बंटी. रविवारी तालीम असते आणि आमच्याकडे बातम्या ऐकू येत नाहीत. तिनं नवी ओळ म्हटली आणि ती तालात सैल पडली, की खाटेवरून डाव्या हाताची थाप येते, एकदा, रागानं. ती थांबते आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणते.